नळी घालण्याआधीचे तीन मार्ग

२०२१च्या एप्रिलमध्ये माझे मामा जळगावात दाखल होते. पीपीई घालून मला दहा मिनिटं आत सोडलं, तेव्हा त्यांच्या तोंडावर मास्क पट्ट्यांनी घट्ट आवळलेला होता. तो जरा सैल केला तसे ते म्हणाले, "दम लागस रे भो, पन हाऊ मास्क नको." बाहेर सगळे एकच विचारत होते, व्हेंटिलेटरवर टाकलं का? साधा ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटरसाठी घशात घातलेली नळी यांच्या मध्येही हाय फ्लो, सीपॅप, बायपॅप असं बरंच काही असतं, हे मला तेव्हा कळलं.

कोरोना असो की स्वाइन फ्लू, विषाणूमुळे फुप्फुस सुजतं, वायुकोशांत पाणी साचतं आणि काही कोश मिटून जातात. नाकातल्या साध्या नळीतून मिनिटाला १ ते ६ लिटर ऑक्सिजन येतो, पिशवीच्या मास्कमधून १० ते १५. दम लागलेला माणूस मात्र श्वास ओढताना मिनिटाला ३० लिटरच्याही पुढच्या वेगाने हवा खेचतो. कमी पडलेली हवा तो खोलीतून घेतो आणि ऑक्सिजन पातळ होतो.

'हाय फ्लो' यंत्र ही तूट भरून काढतं. ऊबदार, ओलसर हवा मिनिटाला ६० लिटरपर्यंत नाकातून येते. रुग्ण बोलू शकतो, दोन घास खाऊ शकतो.

सीपॅपचं काम वेगळं. शेतातला लपेटा पाइप आठवा. रिकामा असला की चपटा होऊन त्याच्या भिंती चिकटतात. आत थोडा दाब राहिला तर तो मिटतच नाही. सीपॅप घट्ट मास्कमधून सतत असा दाब ठेवतो, म्हणून श्वास सोडल्यावरही कोश उघडे राहतात. बायपॅप श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देतो. जुन्या दम्याच्या, धूम्रपानाने फुप्फुस खराब झालेल्या, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्या रुग्णांना त्याचा विशेष उपयोग.

मग यातलं सरस कोणतं? ब्रिटनमध्ये कोरोनाच्या सुमारे १२७३ रुग्णांवर झालेल्या 'रिकव्हरी-आरएस' चाचणीचे निष्कर्ष २०२२मध्ये आले. तीस दिवसांत नळी घालावी लागणं किंवा मृत्यू, यांचं एकत्रित प्रमाण सीपॅप गटात ३६.३ टक्के होतं, साध्या ऑक्सिजनवर ४४.४. हाय फ्लोने साध्या ऑक्सिजनपेक्षा ठळक फरक पडला नाही. पण सीपॅपचा हा फायदा मुख्यतः नळी टळण्यात होता, मृत्यू कमी झाल्याचं सिद्ध झालं नाही. साथ ओसरल्याने चाचणी ठरल्याआधीच थांबवावी लागली, हेही ध्यानात ठेवायला हवं.

माझ्या मते आपल्याकडे या निवडीत सिलिंडरचा हिशेबही धरलाच पाहिजे. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७००० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला ५ लिटरने तो जवळपास दिवसभर पुरतो. हाय फ्लोवर ६० लिटर शुद्ध ऑक्सिजन सोडला, तर दोन तासही नाही! तालुक्याच्या दवाखान्यात रात्री दोन वाजता या आकड्याचा अर्थ काय होतो, हे त्या उन्हाळ्यात आपण सगळ्यांनी पाहिलं. नंदुरबारचे तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी दुसऱ्या लाटेआधीच जिल्ह्यात हवेतला नायट्रोजन शोषून ऑक्सिजन वेगळा काढणारे प्रकल्प उभारले होते, त्याचं मोल म्हणूनच इतकं मोठं.

रुग्णाला पालथं झोपवायला तर काहीच खर्च नाही. हाय फ्लोवरच्या अकराशेहून जास्त रुग्णांच्या सहा देशांतल्या अभ्यासात, जागेपणी पालथं झोपवलेल्यांपैकी ४० टक्क्यांना नळी लागली किंवा मृत्यू आला. पालथं न झोपवलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के.

धोका आहे तो वाट पाहत बसण्यात. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ९२ दिसतं, घरचे निश्चिंत होतात, पण रुग्ण मिनिटाला ३८ श्वास घेत मान-बरगड्यांचे स्नायू ताणत असतो. अशा वेळी नळी घालणं लांबवलं तर नुकसान होऊ शकतं. गुंगी आलेल्या किंवा सतत उलट्या होणाऱ्या माणसाला तर मास्क सहसा चालतच नाही.

मामांची दाढी सिस्टरने स्वतः काढली, कारण केसांतून हवा गळत होती. नाकावर मास्कचा वळ उठला होता, तिथे पट्टी लावली. पहिल्या दिवशी मी घड्याळ धरून त्यांच्या छातीची वरखाली मोजली होती, ३६ भरली. चौथ्या दिवशी पुन्हा मोजली, २४.