पूर्व

पूर्व : ‘आधीचा’ आणि ‘उगवतीकडचा’ अशा दोन अर्थांचा संस्कृत शब्द. मराठीत पूर्वज, पूर्वतयारी, पूर्वसूचना या समासांतून तो रोज वापरला जातो.

यांतला मूळ अर्थ कोणता, हा प्रश्न वादाचा आहे. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात (१.१.२) पूर्वीचे ऋषी आणि नूतन ऋषी अशी जोडी येते; त्यावरून कालवाचक अर्थ आधीचा म्हणावा, तर उषासूक्तात (१.९२.१) ‘पूर्वे अर्धे’ म्हणजे अंतराळाचा उगवतीकडचा भाग. एकाच संहितेत दोन्ही अर्थ असल्याने ‘समोरचा’ हा मूळ अर्थ आणि त्याला फुटलेल्या दोन शाखा, असे मानणे अधिक सयुक्तिक. पुरः (समोर) आणि पुरा (पूर्वी) हे शब्दही त्याच कुळातले. रांगेत जो पुढे उभा, त्याचाच नंबर आधी लागतो. हिब्रू ‘केदेम’मध्येही समोर, पूर्व दिशा आणि प्राचीन काळ हे अर्थ एकत्र आहेत.

दिशेचा अर्थ बडोद्याच्या जुन्या शहरात उभ्या-उभ्या कळतो. शहराच्या मध्यावरच्या मांडवीपाशी सूर्योदयाकडे तोंड केले की पाणीदरवाजा समोर, गेंडी दरवाजा उजव्या हाताला, लहेरीपुरा दरवाजा पाठीशी. पूर्व समोरची, दक्षिण उजवी, पश्चिम मागची. डावीकडे चांपानेर दरवाजा; पण ‘उत्तर’चा अर्थ डावा नव्हे, तर वरचा किंवा नंतरचा. म्हणून दिशेत पूर्वेची जोडी पश्चिमेशी, तर पूर्वार्ध-उत्तरार्ध आणि पूर्वपक्ष-उत्तरपक्ष यांत उत्तराशी. शहरातल्या प्राच्यविद्या मंदिराच्या (१९२७) नावातले ‘प्राच्य’ही ‘प्राच्’, म्हणजे पुढे वळलेला, यावरूनच आले.

पाणिनीने (साधारण इ.स.पू. ५वे-४थे शतक) या शब्दाला ‘व्यवस्था’ असताना आणि तो विशेषनाम नसताना सर्वनाम मानले, प्रथमेच्या अनेकवचनात मात्र विकल्प दिला (अष्टाध्यायी १.१.३४). म्हणून पूर्वे आणि पूर्वाः ही दोन्ही रूपे शुद्ध. व्यवस्था म्हणजे अवधीची (जिथून मोजायचे त्या मर्यादेची) अपेक्षा : कशाच्या पूर्वी, कुठून पूर्वेला, हे ठरल्याशिवाय अर्थ पुरा होत नाही. ‘इ.स.पूर्व’मध्ये तो अवधी शब्दातच आहे.

बडोद्याच्या मराठीत गुजरातीच्या सहवासाने ‘पूर्व मंत्री’ असा प्रयोग कानावर येतो. तिथे मूळ अरबी, पण मराठीत पूर्ण रुळलेला ‘माजी’ हाच शब्द वापरावा. ‘पूर्व मंत्री’ म्हटले की ऐकणारा दिशा शोधू लागतो.