पोलीस यायची वाट कोण बघतंय?

"ॲक्सिडेंटची केस हाय, पोलीस आल्याबिगर डॉक्टर हात लावत न्हाईत." कोल्हापुरात दसरा चौकापासून गंगावेशीपर्यंत हे अजून ऐकू येतं. साफ चूक. आधी उपचार, कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयानं परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगितलंय. पोलिसांना कळवायचं काम रुग्णालयाचं, पण त्यासाठी उपचार अडत नाहीत. जखमीला आणून सोडणाऱ्यावरही नाव सांगायची सक्ती नाही.

सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापुरातल्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाच्या, अपघात विभागात कधी रात्री डोकावा. एक सिस्टर कात्रीनं पॅन्ट कापतेय, दुसरी सलाईनसाठी शीर शोधतेय आणि दारात दहा जण "डॉक्टर कुठायत?" म्हणून ओरडतायत. डॉक्टर तिथंच असतात, जखमेवर बोळा दाबून. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद? ती हातमोजे काढल्यावर.