चालीतला चढउतार: चाचणीला येण्यापूर्वी वाचा

चालण्याच्या चाचणीच्या अहवालात सर्वांत वर छापलेला टक्क्यांचा आकडा नेमका कशाचा, हा प्रश्न आम्हाला सर्वाधिक विचारला जातो. म्हणून आधी तेच सांगतो.

एका पायाची टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंतच्या वेळेला आम्ही एक आवर्तन म्हणतो. नेहमीच्या चालीत त्याला सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो आणि दर वेळी तो काही मिलिसेकंदांनी मागेपुढे होतो. हे मागेपुढे होणे, म्हणजे चढउतार, सरासरी वेळेच्या किती टक्के आहे, तोच हा आकडा. सरासरी 1.10 सेकंद आणि प्रमाण विचलन (आवर्तने सरासरीपासून साधारण किती दूर जातात त्याचे माप) 0.022 सेकंद आले, तर अहवालात 2 टक्के दिसतील. सपाट जमिनीवर आपल्या वेगाने चालणाऱ्या निरोगी प्रौढांचा आकडा साधारण 1 ते 3 टक्क्यांच्या आसपास असतो.

मग नुसता वेग का मोजत नाही? चालीचे संशोधक जेफ्री हाउसडॉर्फ आणि सहकाऱ्यांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ज्येष्ठ नागरिकांची चाल मोजून पुढे वर्षभर कोण पडते याच्या नोंदी ठेवल्या होत्या. पुढे जे पडले, त्यांच्या आवर्तनांतला चढउतार आधीच सरासरी 106 मिलिसेकंद होता. न पडलेल्यांचा 49. चालण्याच्या वेगावरून मात्र हे दोन गट वेगळे काढता आले नाहीत.

दोन्ही बुटांवर एकेक आणि कमरेला एक असे तीन सेन्सर आम्ही बांधतो. प्रत्येकात ॲक्सिलरोमीटर (त्वरण, म्हणजे वेगातला बदल मोजणारा) आणि गायरोस्कोप (फिरण्याचा वेग मोजणारा) असतो. सेकंदाला 100 नोंदी घेतल्या, तर दोन नोंदींत 10 मिलिसेकंदांचे अंतर पडते. ज्या फरकाच्या मागे आम्ही आहोत तोच वीसेक मिलिसेकंदांचा, त्यामुळे आम्ही सेकंदाला 200 नोंदी घेतो. पावलाची लांबी काढणे जास्त किचकट असते. त्वरणावरून अंतर काढताना बारीकशी चूकही झपाट्याने साचत जाते. सुदैवाने प्रत्येक आवर्तनात तळवा क्षणभर जमिनीवर स्थिर असतो. त्या क्षणी वेग शून्य धरून साचलेली चूक पुसता येते. पट्टा सैल असेल तर सेन्सर हलत राहतो आणि हा स्थिर क्षण बिघडतो. आमचा माणूस पट्टा पुन्हा पुन्हा ओढून पाहतो, तो यासाठी.

चालायला सुरुवात करतानाची, थांबतानाची आणि वळतानाची पावले आम्ही हिशेबातून काढून टाकतो. ती मुळातच वेगळी पडतात आणि आकडा उगाच फुगवतात. उरलेली आवर्तने 50 पेक्षा कमी भरली, तर आम्ही आकडा देत नाही. पुन्हा चालायला सांगतो. ट्रेडमिलवर चाचणी घ्या असा आग्रह काही जण धरतात. पट्टा एकाच वेगाने सरकत असल्याने तिथे चढउतार बहुधा कमी दिसतो. आकडा छान येतो, पण तो तुमच्या रोजच्या चालीचा नसतो.

दुसऱ्या फेरीत 100 मधून सात-सात वजा करत चालायला सांगू. गणित चुकले तरी बिघडत नाही. मन दुसरीकडे गुंतले की चाल किती विस्कटते, एवढेच पाहायचे असते. वयोवृद्धांत आणि पार्किन्सन असलेल्यांत हा फरक बऱ्याचदा ठळक असतो.

आमच्या सेन्सरना न जमणारी गोष्टही सांगून ठेवतो: दोन पावलांमधली आडवी रुंदी. एका बुटावरच्या सेन्सरला दुसरा बूट किती लांब आहे हे कळत नाही, म्हणून तो रकाना अहवालात नाही.

चाचणीला रोजचेच बूट घालून या आणि पुढच्या वेळीही तेच घाला. मुद्दाम सावकाश किंवा ऐटीत चालू नका; नेहमीपेक्षा हळू चालले की चढउतार वाढतो. काठी वापरत असाल तर ती घेऊनच चाला, तशी नोंद आम्ही करतो.

हा आकडा म्हणजे रोगाचे निदान नव्हे. 2.1 चे 2.3 झाले म्हणून घाबरू नका, एवढा फरक एकाच माणसात दोन दिवसांतही पडतो. 2.1 चे 4 झाले आणि पुन्हा मोजूनही तेच आले, तर दोन्ही अहवाल घेऊन डॉक्टरांना भेटा. मूळ नोंदींची फाइल त्यांना हवी असल्यास आम्ही देतो.