मंडळे, तालमी आणि स्थानिक अनुदान : कोल्हापूर

तालीम, तरुण मंडळ, वाचनालय, महिला बचत गट किंवा भजनी मंडळ यांना सार्वजनिक कामासाठी शासन, स्थानिक स्वराज्य संस्था, सहकारी संस्था किंवा कंपन्यांकडून मिळणारे, परत न फेडायचे अर्थसाहाय्य म्हणजे स्थानिक अनुदान. देणगी ही देणाऱ्याच्या खुशीवर असते. अनुदान मात्र ठरलेल्या कामासाठी, लेखी अटींवर आणि हिशेब देण्याच्या बोलीवर मिळते. कोल्हापुरात माणसांची किंवा हौसेची वानवा नाही. पेठेतली एकच तालीम फुटबॉल संघ चालवते, गणपती बसवते आणि पंचगंगेला पूर आला की बचावासाठी होडीही काढते. अर्ज अडतो तो बहुधा दप्तरापाशी.

अशा साहाय्याची परंपरा येथे संस्थानकाळापासून आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले; त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभे राहिले. दरबाराने जागा आणि पैसा दिला. रोजचा कारभार बहुतांशी त्या त्या समाजातील कार्यकर्त्यांनी सांभाळला. पैसा एकाचा आणि राबणारे हात दुसऱ्याचे, ही आजच्या अनुदानाचीही रीत आहे.

आज अनुदान शोधताना यादी कोणत्या खात्याची बघायची हे कामावरून ठरते. कुस्तीचा हौद, मॅट, व्यायामाचे साहित्य यांसाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या व्यायामशाळा आणि क्रीडांगण विकासाच्या योजना आहेत. वाचनालयांना महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली शासनमान्यता मिळाली की अ, ब, क, ड या वर्गानुसार अनुदान मिळते. ते दोन हप्त्यांत येते आणि वेतन व वेतनेतर खर्च वेगळा दाखवावा लागतो. १८५० साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारखी जुनी ग्रंथालये असलेल्या या जिल्ह्यात गावोगावच्या छोट्या वाचनालयांचा खरा आधार हेच अनुदान आहे. ग्रामीण बचत गटांना ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून फिरता निधी आणि समुदाय गुंतवणूक निधी मिळतो. त्यासाठी धर्मादाय आयुक्त कार्यालयातील नोंदणी लागत नाही, पंचसूत्रीप्रमाणे बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे नियमित असावे लागतात. काही योजना एखाद्या वर्षापुरत्याच निघतात. २०२५ च्या गणेशोत्सवात राज्य शासनाने १८०० भजनी मंडळांना वाद्यांसाठी प्रत्येकी २५,००० रुपये देण्याची योजना काढली होती. अशा योजनेची मुदत थोडी असते, म्हणून कागद आधीच तयार असलेले मंडळच वेळेत पोहोचते.

आमदार व खासदार निधीविषयी गैरसमज फार आहेत. लोकप्रतिनिधी काम सुचवतात, मंजुरी जिल्हा प्रशासनाकडून होते आणि काम शासकीय यंत्रणा करते. मंडळाच्या हाती धनादेश पडत नाही. त्यामुळे जागेचा कागद येथे निर्णायक ठरतो. मिळकत पत्रिकेवर जागा कोणाच्या नावे आहे, महापालिकेची असेल तर ना हरकत दाखला आहे का, हे लोकप्रतिनिधीचे शिफारसपत्र मागायला जाण्याआधीच पाहावे. गावात हीच बाब ग्रामसभेतून पुढे न्यावी. गाव विकास आराखड्यात काम आले नसेल तर नंतर पैसा शोधणे अवघड जाते.

सहकाराच्या या जिल्ह्यात आणखी एक दार आहे आणि त्याचा उपयोग व्हावा तितका होत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ६९ नुसार राखीव निधी व शिक्षण निधीची तरतूद केल्यानंतर सहकारी संस्थेला निव्वळ नफ्याच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम सार्वजनिक किंवा धर्मादाय कामासाठी बाजूला ठेवता येते. दूध संस्था, पतसंस्था, नागरी बँक यांच्या वार्षिक सभेपूर्वी, नफ्याची वाटणी ठरत असतानाच अर्ज गेला पाहिजे. सभासदांची मुले ज्या अभ्यासिकेत बसतात तिच्यासाठी मागणे संचालकांनाही सहज पटते.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा (सीएसआर) आधार कंपनी अधिनियम, २०१३ चे कलम १३५ आहे. ५०० कोटींचे नक्त मूल्य, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के खर्च करायचे असतात, आणि त्यात आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यायचे असते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथील औद्योगिक वसाहतींतल्या ज्या कंपन्या या मर्यादेत बसतात त्यांच्याकडे जाता येते. मात्र संस्थेकडे १२अ आणि ८०जी या नावांनी ओळखली जाणारी, संस्थेला व देणगीदाराला करसवलत देणारी आयकर नोंदणी आणि सीएसआर-१ क्रमांक, म्हणजे असा निधी घेण्यासाठीचा कंपनी मंत्रालयाचा नोंदणी क्रमांक, हवा. परदेशी पैशासाठी वेगळा कायदा आणि वेगळी नोंदणी आहे. छोट्या मंडळाने त्या वाटेला न गेलेले बरे.

नोंदणी बहुधा दुहेरी असते : संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी कलम ४१क खाली मिळणारी परवानगी ही तात्पुरती असते. तिच्या जोरावर अनुदान मागता येत नाही. नोंदणी असूनही अर्ज परत येतो त्याचे नेहमीचे कारण म्हणजे न दिलेला चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवण्याचा अर्ज. कार्यकारिणी दोनदा-तीनदा बदललेली, पण धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट १ वर, म्हणजे विश्वस्तांची नोंद असलेल्या उताऱ्यावर, नावे जुन्यांचीच, काही तर हयातही नसलेल्यांची. कलम २२ प्रमाणे बदलाची माहिती ९० दिवसांत द्यायची असते. अध्यक्ष म्हणून सही करणाऱ्याचे नाव उताऱ्यावर नसेल तर पुढचे कागद कोणी उघडतही नाही.

अर्जासोबत साधारणपणे नोंदणी प्रमाणपत्र, घटना, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, संस्थेच्या नावाचे पॅन व बँक खाते, दरपत्रके आणि ठरावाची नक्कल लागते. ठराव नेमका असावा. ‘मंडळाच्या विकासासाठी निधी मिळावा’ असा ठराव काही सांगत नाही. ‘तालमीच्या हॉलमध्ये मॅट बसवण्यासाठी जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे अनुदानाचा प्रस्ताव सादर करावा, सहीचे अधिकार अध्यक्ष व सचिव यांना द्यावेत, सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर’ असा लिहिला, तारीख आणि हजर सभासदांच्या सह्या घेतल्या, की वाचणाऱ्याला शंका उरत नाही. अंदाजपत्रकात लोकवर्गणी आणि श्रमदानाचा वाटा वेगळा दाखवावा. रक्कम फुगवून मागण्याची सवय घातक आहे, कारण तपासणारा अधिकारी बाजारभाव जाणतो.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर करवीर, शिरोळ, हातकणंगले भागातील संस्थांनी एक गोष्ट कायमची लक्षात ठेवायला हवी : रोजकीर्द, पावतीपुस्तके आणि ठराववही तळमजल्यावरच्या कपाटात राहू देऊ नये, आणि प्रत्येक कागदाची स्कॅन प्रत दोघातिघांकडे असावी. भिजलेल्या दप्तराच्या जागी नव्या नकला मिळवण्यात अर्जाची मुदत निघून जाते.

शासकीय वर्ष ३१ मार्चला संपते. प्रस्ताव दिवाळीच्या आसपास पोहोचला तर त्रुटी पूर्ण करायला वेळ मिळतो; फेब्रुवारीत दिलेला अर्ज बहुधा पुढच्या वर्षावर जातो. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्यावी, त्रुटीपत्राला लेखी उत्तर द्यावे. रक्कम आल्यावर खर्च त्याच कामावर करावा, घेतलेली वस्तू जडवस्तू (टिकाऊ साहित्याच्या) नोंदवहीत चढवावी आणि रक्कम त्याच कामावर खर्च झाल्याचे, सनदी लेखापालाच्या सहीचे उपयोगिता प्रमाणपत्र छायाचित्रांसह द्यावे. हे प्रमाणपत्र बाकी असेल तर पुढचा हप्ता थांबतो आणि त्या खात्याकडे नवा प्रस्तावही पुढे सरकत नाही.