‘यूव्ही’ हे नाव मागे राहिलं कसं

नवा कॅमेरा घेतला की बॅग आणि मेमरी कार्डाबरोबर दुकानदार एक यूव्ही (अल्ट्राव्हायोलेट, म्हणजे अतिनील) फिल्टरही काउंटरवर ठेवतो: लेन्सच्या तोंडावर चढवायची सपाट काच. ‘लेन्सला ओरखडा येणार नाही’ एवढ्या वाक्यावर तो खपतो. त्या वाक्यात अतिनील किरणांचा उल्लेखही नसतो. फिल्टर लावावा की नाही, हा वाद इतकी वर्षं चालू आहे आणि त्यातला निम्मा गोंधळ या नावाचा आहे.

फिल्मच्या काळात नाव खरं होतं. रंगीत फिल्मचा सर्वांत वरचा संवेदनशील थर निळ्या प्रकाशाचा. ४०० नॅनोमीटरखालचे किरण डोळ्याला दिसत नसले तरी या थरावर उमटत. म्हणून उंच डोंगरावरून काढलेल्या फोटोत दूरच्या रांगा होत्या त्याहून निळ्या आणि धुरकट येत. प्रिंट काढताना रंग थोडा सावरता येई, थेट पडद्यावर दाखवायच्या स्लाइडला तीही सोय नव्हती. काही जपानी फिल्टरांच्या नावात ३७, ३९ असे आकडे असत: ३७० किंवा ३९० नॅनोमीटरच्या आसपास काच किरण अडवू लागते, असा त्यांचा अर्थ. त्यांच्या शेजारी दुसरा फिल्टर, स्कायलाइट, १ए आणि १बी अशा प्रकारांत. त्याला फिकट गुलाबी छटा, सावलीतला निळेपणा मारायला. दोन्ही फिल्टर बाराही महिने लेन्सवर चढवून ठेवले तरी चालत, आणि ‘रक्षण’ हा जोडधंदा इथूनच सुरू झाला.

२००३ मध्ये हजार डॉलरच्या आतला पहिला डिजिटल एसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आला आणि पुढच्या काही वर्षांत मूळ धंदाच बुडाला. फिल्मच्या जागी प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरपुढे अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारी काच बसवलेलीच असते, शिवाय लेन्सची भिंगंही बरेचसे अतिनील किरण गिळतात. स्कायलाइटची गुलाबी छटा कॅमेऱ्यातला रंग आपोआप सावरणारा ऑटो व्हाइट बॅलन्सच पुसून टाकतो. प्रामाणिकपणे पाटी बदलायची तर तीच वेळ होती. कंपन्यांनी ‘प्रोटेक्टर’, ‘क्लिअर’ अशा नावांचे रंगहीन फिल्टर काढले खरे, पण ‘यूव्ही’ बंद केला नाही. ग्राहक तोच शब्द घेऊन दुकानात येतो, हे त्यांचं उत्तर व्यापाराच्या दृष्टीने बिनतोड आहे. फोटोग्राफीच्या दृष्टीने मात्र या नावाने नुकसानच केलं. काही गुण आहे असं समजून माणूस काच लावतो आणि तिचा दोष दिसला की शिव्या लेन्सला देतो.

दोष किरकोळ नाही. कोटिंग (परावर्तन कमी करणारा पातळ थर) नसलेल्या काचेची प्रत्येक बाजू सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित करते, म्हणजे दोन बाजूंचे ८. अशा अनेक थरांच्या चांगल्या मल्टिकोटिंगने हे एक टक्क्याच्या आसपास येतं. त्यात सेन्सर फिल्मपेक्षा चकचकीत. त्याच्यावरून उसळलेला प्रकाश फिल्टरच्या सपाट काचेवर आपटून परत फिरतो, आणि रात्रीच्या फोटोत रस्त्यावरच्या दिव्यांची उलटी भुतं उभी राहतात. समोरच्या भिंगावरचा बारीक ओरखडा मात्र सहसा फोटोत दिसतही नाही. ठोकर सोसायला लेन्सच्या तोंडाभोवती लावायचा हूड पुरतो.

तरी जेजुरीला सोमवती अमावस्येला, भंडारा हवेत उडत असताना, उघड्या भिंगाने उभं राहायला छाती लागते. तिथे साधी काचच बरी, पुसताना घासली तर तीच घासते. काही वाइड-अँगल लेन्समध्ये पुढचं भिंग नळीच्या आत मागेपुढे सरकतं. धूळ-पाण्यापासूनचं सीलिंग पुरं व्हायला फिल्टर लावा, असं त्यांच्या निर्मात्यांनीच सांगून ठेवलं आहे. अशी लेन्स घेणाराही दुकानात जाऊन ७७ मि.मी. व्यासाचा ‘यूव्ही’च मागतो.