‘सहा महिन्यांत यायचं ते येईल’ : ही मुदत आली कुठून?

पक्षाघाताच्या झटक्यानंतर ज्यांची वाचा गेली, त्यांच्या घरी एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : ‘सहा महिन्यांत यायचं ते येईल, पुढे फारसं काही होत नाही.’ कधी ते दवाखान्यातून आलेलं असतं, कधी याच अनुभवातून गेलेल्या नातेवाइकांकडून. सातव्या महिन्यात स्पीच थेरपी बंद होते. हातापायाचा व्यायाम चालू राहतो, पण बोलण्याचा विषय घरात निघेनासा होतो. आजवरचं संशोधन पाहिलं तर हे वाक्य खरं नाही. तरीही ते इतकं घट्ट कसं रुजलं, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

वाचा अशी जाण्याला अफेझिया म्हणतात. आधी तो म्हणजे काय ते स्पष्ट करू. मेंदूच्या, बहुतेकांच्या बाबतीत डाव्या, अर्ध्या भागात भाषेचं काम चालतं. तिथला रक्तपुरवठा तुटला किंवा तिथे मार बसला, की शब्द सापडेनासे होतात, वाक्य जुळत नाही, कधी समोरच्याचं बोलणं कळत नाही, वाचन-लेखन अडतं. जीभ शाबूत असू शकते. बुद्धी आणि आठवणी शाबूत असू शकतात. माणूस आत असतो, त्याची बाहेर यायची वाट अडलेली असते. झटका आलेल्यांपैकी साधारण तिघांतल्या एकाला हा त्रास होतो.

या अभ्यासाची सुरुवात १८६१ सालच्या पॅरिसपासून सांगतात. बिसेत्र रुग्णालयात लेबोर्न्य नावाचा रुग्ण २१ वर्षं राहत होता. त्याला ‘तां’ एवढाच उच्चार जमे, म्हणून सगळे त्याला त्याच नावानं हाक मारत. त्याच्या मृत्यूनंतर पॉल ब्रोका या डॉक्टरांनी मेंदू तपासला. डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा सापडली आणि भाषेला मेंदूत जागा असते, हे जगाला पटायला लागलं. १८७४ मध्ये कार्ल वेर्निकं या २६ वर्षांच्या जर्मन डॉक्टरनं दुसरा प्रकार मांडला : बोलणं धो धो येतं पण अर्थ लागत नाही आणि ऐकलेलं कळत नाही. पुढची कित्येक दशकं डॉक्टरांचा सगळा जीव ‘इजा नेमकी कुठे’ या प्रश्नात अडकला. रुग्ण मेल्यावर उत्तर मिळे. जिवंत असताना त्याला काय शिकवायचं, हा प्रश्न मागे पडला. ब्रोका यांनी स्वतः १८६५ मध्ये एका रुग्णाला पुन्हा शिकवण्याचा प्रयत्न केल्याचं नोंदवलं होतं. पण त्यांचं नाव राहिलं ते मेंदूच्या नकाशावर, त्या शिकवणीवर नाही.

त्याच काळात लंडनमध्ये ह्यूलिंग्ज जॅक्सन या डॉक्टरांनी एक गोष्ट टिपली. ती आपल्या घरांत रोज दिसते, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. ज्याला एक शब्द बोलता येत नाही, असा रुग्ण पाठ असलेली प्रार्थना म्हणतो, रागात शिवी देतो, एक ते दहा सरळ मोजतो. जॅक्सन यांनी दोन प्रकार वेगळे केले : आपोआप येणारं बोलणं आणि विचार मांडण्यासाठी जुळवलेलं बोलणं. अफेझियात दुसरं मोडतं, पहिलं बऱ्याचदा टिकतं. आपल्याकडे आजोबा अख्खी आरती टाळ्यांसकट म्हणतात आणि नंतर पाणी मागता येत नाही म्हणून हातवारे करतात, तेव्हा घरच्यांना वाटतं, ‘यांना येतंय, मुद्दाम करत नाहीत.’ किती घरांत या एका गैरसमजानं कडवटपणा आला असेल! ते मुद्दाम करत नसतात. आरती मेंदूतल्या वेगळ्या वाटेनं येते. हे जवळपास दीडशे वर्षांपासून माहीत आहे आणि प्रत्येक घराला पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं.

पुनर्वसनाला खरा जोर आणला तो युद्धांनी. पहिल्या महायुद्धात डोक्याला गोळी लागलेले तरुण सैनिक हजारोंनी परत आले. त्यांच्यासमोर चाळीस-पन्नास वर्षांचं आयुष्य होतं. फ्रँकफुर्टमध्ये कुर्ट गोल्डश्टाइन यांनी मेंदूला इजा झालेल्यांसाठी संस्था उभी केली आणि व्हिएन्नात एमिल फ्रोशेल्स बोलणं शिकवू लागले. दुसऱ्या महायुद्धात उरल भागातल्या लष्करी रुग्णालयात अलेक्सांद्र लूरिया यांनी हे काम फार पुढे नेलं. त्यांचा विचार असा : मेंदूचा जो दुवा तुटला, तो पुन्हा जोडता येत नसेल तर तेच काम करायला दुसरी वाट बांधायची. झासेत्स्की हा त्यांचा रुग्ण १९४३ मध्ये जखमी झाला होता. अक्षर आठवून आठवून लिहायला बसला की त्याला काही जमत नसे. अक्षरांचा विचार न करता, पेन्सिल न उचलता सलग लिहून बघ, असं त्याला सांगितलं गेलं आणि हात चालायला लागला. स्वतः लिहिलेलं वाचताना त्याला प्रचंड कष्ट पडत, तरी पुढे सुमारे २५ वर्षं तो आपली कहाणी लिहीत राहिला. पानं जवळपास ३,००० झाली. सहा महिन्यांची मुदत त्याला कुणी घातली नव्हती.

अमेरिकेतही जखमी सैनिकांच्या रुग्णालयांतूनच ही शाखा वाढली. जोसेफ वेपमन यांनी तिथला अनुभव १९५१ मध्ये पुस्तकरूपानं मांडला. मिनियापोलिसमध्ये हिल्ड्रेड शूएल यांनी भरपूर, नेमकं ऐकवून भाषा जागी करण्याची पद्धत बसवली.

मग रुग्ण बदलला. युद्ध संपलं आणि दारात उभा राहिला तो साठी-सत्तरीचा झटका आलेला माणूस. सैनिकासाठी सरकारनं महिनोन्‌महिने खर्च केला होता. या माणसाच्या वाट्याला आठवड्यातून एक-दोन तास आले. शिवाय त्याच्यात आपोआप होणारी सुधारणाही दिसत होती. मेंदूची सूज उतरते, अर्धवट बंद पडलेले भाग पुन्हा चालू होतात, त्यामुळे पहिले दोन-तीन महिने सुधारणा वेगानं होते आणि मग वेग मंदावतो. १९६० आणि ७०च्या दशकांतल्या अभ्यासांतून हा आलेख पक्का झाला. सहा महिन्यांचं वाक्य माझ्या मते इथूनच जन्मलं. आपोआप होणारी सुधारणा कुठे मंदावते, एवढंच तो आलेख सांगत होता. शिकवल्यानं होणारी सुधारणा कुठे थांबते, हे त्यात नव्हतंच. पण दोन्ही गोष्टी एकच धरल्या गेल्या.

याला उलटं उत्तर त्याच काळात मिळत होतं. मिलानमध्ये आन्ना बासो आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये थेरपी मिळालेले १६२ आणि न मिळालेले ११९ रुग्ण ताडून पाहिले. किमान सहा महिने थेरपी घेतलेल्यांची सुधारणा स्पष्टपणे जास्त होती. मात्र कोणाला थेरपी मिळावी हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. ज्यांना केंद्रापर्यंत येणं जमलं त्यांना ती मिळाली, त्यामुळे टीकाकारांना बोट ठेवायला जागा राहिली.

दवाखान्याबाहेरचं उदाहरण पॅट्रिशिया नील या अभिनेत्रीचं. १९६५ च्या फेब्रुवारीत, वयाच्या ३९व्या वर्षी, गरोदर असताना तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. बोलणं, चालणं, वाचणं सगळं गेलं. तिचे पती, लेखक रोआल्ड डाल, तिला इंग्लंडमधल्या गावी घेऊन आले आणि थोड्याशा थेरपीवर समाधान मानायला त्यांनी नकार दिला. शेजारीपाजारी पाळी लावून रोज तिच्याशी बोलायचे, शब्दकोडी सोडवायचे, वाचून घ्यायचे. त्यांतल्या व्हॅलरी ईटन ग्रिफिथ या शेजारणीनं तर हे काम आयुष्यभराचं केलं. नील १९६८ मध्ये पुन्हा पडद्यावर दिसली आणि त्या कामासाठी ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचली. ग्रिफिथ यांच्या अनुभवातून १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये झटका आलेल्यांसाठी स्वयंसेवकांची योजना सुरू झाली. एका प्रसिद्ध रुग्णावरून नियम काढता येत नाही, हे खरं. पण तिला किती तास मिळत होते, याकडे तेव्हाच नीट पाहायला हवं होतं.

कारण पुढे घडलं ते क्लेशदायक आहे. १९८४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅमचा अभ्यास आला. तीनशेहून अधिक रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागले होते. एका गटाला २४ आठवडे, आठवड्याला दोन तास थेरपी द्यायची, दुसऱ्याला नाही. निष्कर्ष : फरक नाही. त्याआधी १९८२ मध्ये एका ब्रिटिश अभ्यासात प्रशिक्षित थेरपिस्ट आणि साधे स्वयंसेवक यांच्या रुग्णांची प्रगती सारखीच आढळली होती. दोन्ही गट सुधारले होते, ही अर्धी बातमी मात्र बऱ्याच जणांच्या कानावरून गेली. ‘स्पीच थेरपीचा उपयोग नाही’ हे डोक्यात बसलं. नॉटिंगहॅममध्ये ठरलेली सत्रंसुद्धा अनेक रुग्णांना पूर्ण मिळाली नव्हती. औषधाची मात्रा अपुरी पडली, तर आपण औषधाला निरुपयोगी म्हणत नाही. इथे तेच झालं, आणि त्याची किंमत त्या पिढीतल्या रुग्णांनी मोजली.

मात्रेचा हिशोब व्हायला २००३ साल उजाडलं. कॅनडातल्या भोगल, टीसेल आणि स्पीचली यांनी जुने अभ्यास एकत्र मांडले. ज्या अभ्यासांत फायदा दिसला, तिथे सरासरी आठवड्याला ८.८ तास थेरपी सुमारे ११ आठवडे दिली होती. ज्यांत दिसला नाही, तिथे आठवड्याला २ तास, सुमारे २३ आठवडे. एकूण तास ९८ विरुद्ध ४४. वीस वर्षांचा वाद या आकड्यांत उलगडला. दोन वर्षं आधी जर्मनीत फ्रीडेमान पुल्फरम्युलर यांच्या गटानं जुन्या अफेझियाच्या १७ रुग्णांवर प्रयोग केला होता. काही जणांना रोज ३-४ तास, दहा दिवस पत्त्यांच्या खेळासारख्या गटात फक्त बोलूनच व्यवहार करायला लावला, बाकीच्यांना तेवढेच तास पण चार आठवड्यांत विखरून, नेहमीच्या पद्धतीनं थेरपी दिली. पहिला गट पुढे गेला.

निर्णायक पुरावा आला २०१७ मध्ये, पुन्हा ‘लॅन्सेट’मधूनच. काटेरिना ब्राइटेनश्टाइन आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत १५६ रुग्ण घेतले. प्रत्येकाला झटका येऊन किमान सहा महिने उलटलेले, म्हणजे आपल्याकडे ज्यांची फाइल बंद झाली असती असेच. तीन आठवडे, आठवड्याला किमान १० तास थेरपी. रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं आणि सहा महिन्यांनंतरही ते टिकलं. ज्यांना तीन आठवडे थांबायला सांगितलं होतं, त्यांच्यात त्या काळात बदल नव्हता. त्यांची थेरपी सुरू झाल्यावर तेही सुधारले. सहा महिन्यांच्या वाक्याला इतकं थेट उत्तर दुसरं नाही.

याचा अर्थ जितकं लवकर, जितकं जास्त तितकं चांगलं, असा सरळ नाही. ऑस्ट्रेलियातल्या २०२१ च्या अभ्यासात झटक्यानंतर लगेच जादा थेरपी दिली, तर १२ आठवड्यांनी नेहमीच्या थेरपीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. ब्रिटनमध्ये २०१९ च्या अभ्यासात घरी संगणकावर सराव केलेल्या रुग्णांना ठरावीक शब्द चांगले सापडू लागले, पण ते शब्द गप्पांमध्ये उतरले नाहीत. ही दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. चित्र दाखवून ‘हे काय?’ विचारत राहणं सोपं आहे. त्या शब्दाची गरज पडेल असं संभाषण घडवणं अवघड. मेरियन ब्रॅडी यांच्या नेतृत्वाखाली २८ देशांतल्या ५,९२८ रुग्णांची माहिती एकत्र करून २०२२ मध्ये जे हाती आलं, त्यानुसार सर्वाधिक सुधारणा एकूण २० ते ५० तासांच्या थेरपीशी, आठवड्यातले बरेच दिवस चालणाऱ्या सत्रांशी आणि जोडीला घरच्या सरावाशी निगडित होती. पहिल्या महिन्यात सुरुवात झालेल्यांचा फायदा सर्वांत मोठा. उशिरा आलेल्यांचा कमी, पण शून्य नव्हे.

संशोधनाची दुसरी धारा बोलण्याच्या वेगळ्या वाटा शोधत होती. १९७३ मध्ये बोस्टनच्या अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी रुग्णाच्या डाव्या हातानं ठेका धरून, वाक्य सुरात म्हणवून घेत हळूहळू ते साध्या बोलण्यावर आणण्याची पद्धत मांडली. जॅक्सन यांच्या निरीक्षणाचीच ही पुढची पायरी म्हणता येईल. टोरोंटोमध्ये १९७९ साली पॅट अराटो यांनी पतीला अफेझिया झाल्यावर केंद्र सुरू केलं. तिथेच ऑरा केगन यांनी रुग्णाऐवजी समोरच्यालाच शिकवायला घेतलं : मुख्य शब्द कागदावर लिहा, हो-नाहीचे पर्याय दाखवा, थांबा, आणि ‘तुम्हाला माहितीये हे मला माहितीये’ असं सरळ सांगा.

भारतात म्हैसूरची वाचा-श्रवण संस्था १९६०च्या दशकापासून आणि मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८०च्या दशकापासून या क्षेत्रातले लोक घडवत आहेत. पण परदेशातलं संशोधन बहुतांशी एकभाषिक रुग्णांवरचं आहे आणि आपला रुग्ण घरात मराठी, दुकानात हिंदी, कामावर इंग्रजी बोललेला असतो. या दृष्टीनं सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांचं हैदराबादमधलं काम मोलाचं आहे. २०१६ मध्ये त्यांनी झटका आलेल्या ६०८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आकलन-स्मृती वगैरे शाबूत राहिलेल्यांचं प्रमाण एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांत ४०.५ टक्के, तर एकच भाषा बोलणाऱ्यांत १९.६ टक्के होतं. अफेझिया होण्याचं प्रमाण मात्र दोन्हींत सारखंच. सांगलीच्या माणसाला केवळ थेरपिस्टच्या सोयीसाठी इंग्रजी तक्त्यांवरून शिकवणं मला म्हणूनच अन्यायाचं वाटतं. त्याच्या सगळ्या भाषांची चौकशी आधी झाली पाहिजे.

रुग्णालयातून घरी सोडताना हातात पडणाऱ्या कागदावर गोळ्या, पथ्य, फिजिओथेरपी हे बहुधा लिहिलेलं असतं. बोलणं गेलेलं असेल तर त्यात आणखी दोन ओळी घालायला लावा : स्पीच थेरपी आठवड्यातून किती दिवस, आणि घरी काय सराव करायचा. झटका येऊन वर्ष उलटलं असेल तरीही थेरपिस्टकडे नव्यानं तपासणी मागता येते, आणि ती मागावी.