आठवणी म्हणजेच मी का? या प्रश्नाची पार्श्वभूमी

दहा वर्षांपूर्वीचा मी आणि आजचा मी एकच कशावरून, असं कुणाला विचारलं की बहुतेक जण म्हणतात, मला सगळं आठवतं ना. हे उत्तर आपल्याला अगदी साधं वाटतं पण ते फिलॉसॉफीत ठामपणे मांडलं जॉन लॉक या इंग्लिश विचारवंताने, १६९४ मध्ये, माणसाच्या आकलनशक्तीवरच्या आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत एक नवीन प्रकरण घालून. त्याआधी देकार्त या फ्रेंच विचारवंताने १६४१ मध्ये सगळ्यावर शंका घेऊन बघितली होती आणि शंका घेणारा कुणीतरी आहेच एवढं पक्कं धरलं होतं, पण तो कालचाच का हे त्यातून कळत नाही.

लॉक म्हणतो, समजा राजपुत्राच्या सगळ्या आठवणी एका मोच्याच्या शरीरात गेल्या. लोकांना समोर मोचीच दिसणार, पण राजपुत्राने जे केलं त्याचा जाब याच माणसाला विचारावा लागेल. मला हा जाबाचा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, कारण लॉकला खरं तर शिक्षा कुणाला द्यायची हेच ठरवायचं होतं.

मग १७८५ मध्ये थॉमस रीड या स्कॉटिश विचारवंताने बरोबर वर्मावर बोट ठेवलं. एक मुलगा फळं चोरतो आणि मार खातो, मोठा होऊन लढाईत शत्रूचा झेंडा हिसकावतो, म्हातारपणी सेनापती होतो. झेंडा घेताना त्याला मार आठवत होता, सेनापतीला झेंडा आठवतो पण मार साफ विसरलाय, म्हणजे लॉकच्या हिशोबाने सेनापती तो मुलगा आहे पण (झेंड्याच्या आठवणीच्या दुव्याने) आणि नाही पण (मार आठवत नाही म्हणून)!

मधल्या काळात, १७३९ मध्ये, डेव्हिड ह्यूम या आणखी एका स्कॉटिश विचारवंताने तर सांगून टाकलं की आत डोकावलं की ऊन, थंडी, राग, दुःख सापडतं, मी कुठे सापडतच नाही (नागसेन या बौद्ध भिक्खूने मिलिंद राजाला रथाचे भाग एकेक करून दाखवत, यातला रथ कुठला, असं हेच किती आधी विचारलं होतं). विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्ये मनात चालतं त्याला विचारांचा प्रवाह म्हटलं, १९१३ नंतर वॉटसनच्या बिहेवियरिझमने, म्हणजे मन सोडून फक्त बाहेर दिसणारं वागणं अभ्यासायच्या पद्धतीने, हा विषयच बाजूला सारला.

तो परत आला तो ऑपरेशन टेबलवरून. १९५३ मध्ये फिट्स थांबाव्यात म्हणून हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या माणसाच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा (आठवणी साठवायला लागणाऱ्या भागाचा) बराचसा भाग काढला आणि त्यानंतर त्याच्या नवीन आठवणी टिकेनात. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली, तीन दिवस. रोज त्याला वाटायचं आपण हे पहिल्यांदाच करतोय, आणि रोज हात आदल्या दिवसापेक्षा सफाईने चालायचा. मग तो सराव केला कुणी, लॉकच्या व्याख्येत याला उत्तरच नाही.